सोळा लाखांत एकोणीस

दहावीची परीक्षा तोंडावर आली की राज्य मंडळ पत्रकार परिषद घेतं आणि आकडे जाहीर करतं. २०२५ च्या परीक्षेसाठी महाराष्ट्रात १६,११,६१० विद्यार्थ्यांची नोंदणी झाली होती. त्यात मुलगे ८,६४,१२०, मुली ७,४७,४७१ आणि तृतीयपंथी १९. त्याच वर्षी बारावीला १५,०५,०३७ जण होते, त्यांत तृतीयपंथी ३७. बातमीत हा आकडा तिसऱ्या-चौथ्या ओळीत येतो आणि वाचणारा कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं यांकडे सरकतो.

मी अठ्ठावीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. आकडा दिसला की त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघायची खोड आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला पहिल्यांदा 'इतर' असा पर्याय आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. देशातल्या नोंदींपैकी ५४,८५४ मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. ती २०२५ मध्ये चौदा ते वीस वर्षांची झाली, म्हणजे नेमकी दहावी-बारावीच्या आगेमागे. आता जनगणनेचा आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तीन वर्षांच्या पोरापुढे 'इतर' लिहिलं ते कुणी आणि कशावरून? जन्मतःच शरीराची घडण वेगळी असलेली मुलं त्यात असणार, प्रगणकांच्या चुकाही असणार. पण कितीही वजाबाकी केली तरी राज्याचं उत्तर एकोणीस येत नाही.

मग बाकीची मुलं गेली कुठे? काही दहावीच्या आतच गळाली. त्याच जनगणनेत या गटाची साक्षरता ५६ टक्के निघाली. देशाची ७४ टक्के होती. आणि काही गळाली नाहीत. ती त्या आठ लाख चौसष्ट हजारांत नाहीतर सात लाख सत्तेचाळीस हजारांत मान खाली घालून बसलेली आहेत. मला बोलायचंय ते मुख्यतः या मान खाली घातलेल्या मुलांबद्दल. आपल्या योजना, परिपत्रकं, कार्यक्रमांतली भाषणं ही सगळी ज्यांनी स्वतःहून सांगितलं त्या एकोणिसांसाठी असतात. न सांगणाऱ्या मुलासाठी शाळेत काहीच नाही, आणि चौदाव्या वर्षी जवळजवळ कुणीच सांगत नाही.

का सांगत नाही, ते कळायला परीक्षेचा अर्ज कसा भरला जातो ते बघावं. तो मूल भरत नाही. शाळेच्या लॉगिनवरून क्लार्क नाहीतर वर्गशिक्षक भरतात, समोर जनरल रजिस्टर उघडं ठेवून. मग मंडळाकडून प्री-लिस्ट येते. ती वर्गात फिरते. आपलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय तपासायचे आणि पुढे सही करायची. एकेका कागदावर बेंचवरची तीन-तीन डोकी वाकलेली असतात. अशा कागदावर, रजिस्टरमध्ये नसलेलं काही स्वतःच्या नावापुढे लिहून घ्यायला पोराची छाती कशी व्हावी? एकोणीस जणांची झाली, याचंच मला नवल वाटतं.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता. गाव आणि साल सांगत नाही. अक्षर सुरेख, भूमितीच्या आकृत्या छापल्यासारख्या. चालणं-बोलणं मुलींसारखं, म्हणून पोरांनी त्याचं नाव 'गणपत पाटील' पाडलं होतं. कोल्हापूरकडच्या वाचकाला हे नाव समजावून सांगायला नको. तमाशापटांत नाच्याची भूमिका करून गाजलेले ते गुणी नट, २००८ मध्ये गेले. बायकोमुलांच्या त्या संसारी माणसाला पडद्यावरच्या सोंगापायी खऱ्या आयुष्यात हिणवून घ्यावं लागलं, आणि इकडे शाळांमधून त्यांचं नाव शिवीसारखं फिरत राहिलं. स्नेहसंमेलनात माझ्या त्या विद्यार्थ्याने लावणी केली तेव्हा मात्र शिट्ट्यांनी मंडप दणाणला. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी स्टेजवर चढून पन्नास रुपयांचं बक्षीस दिलं. दुसऱ्या दिवशी शिट्ट्या मारणाऱ्यांपैकीच चौघांनी त्याला सायकल स्टँडच्या मागे गाठलं.

मी काय केलं? प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वागणुकीत सुधारणा आवश्यक'. त्या चौघांच्या नव्हे, त्याच्या. त्यात काही वावगं केलं असं वाटलंही नव्हतं. पोराचं भलंच होईल असं वाटलं होतं. वडिलांनी शेरा वाचला आणि सुधारणा घरीच उरकली. सोमवारी तो आला तेव्हा डाव्या कानाखालपासून मानेपर्यंत वळ होता. मी फळ्याकडे वळलो आणि पायथागोरस सुरू केला.

त्यानंतर तो अधूनमधून दांड्या मारायला लागला. हजेरीपत्रक माझ्याच ताब्यात. त्याच्या नावापुढचे लाल 'गै' दोनच वारांना पडत होते, बुधवारी आणि शनिवारी. बुधवारी शेवटचे दोन तास पी.टी.चे. शनिवारी सकाळची शाळा आणि मैदानावर सामुदायिक कवायत. गणिताच्या मास्तरला हा क्रम दिसायला हवा होता. दिसला तो दोन वर्षांनी, जुनी हजेरीपत्रकं बांधून माळ्यावर टाकताना. तोवर त्याचं नाव कमी झालं होतं. जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'सतत गैरहजर' असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. तो आज कुठे आहे मला माहीत नाही.

बाहेरच्या माणसाला शाळेतला छळ म्हणजे मारामारी वाटते. मारामारी होतेच, पण ती रोज नसते. रोज असते ती विभागणी. परिपाठाला मुलग्यांची रांग, मुलींची रांग. वर्गात भिंतीकडे मुली, खिडकीकडे मुलगे. हजेरी आधी मुलग्यांची, मग मुलींची. सहलीच्या एस.टी.त पुढे मुली. कार्यक्रम असला की मुलींनी रांगोळी काढायची, मुलग्यांनी खुर्च्या लावायच्या. राखीपौर्णिमेला कुणी कुणाला राखी बांधायची तेही ठरलेलं. आणि दंगा करणाऱ्या मुलग्याला शिक्षा काय, तर 'जा, मुलींमध्ये जाऊन बस'. ही शिक्षा मी स्वतः कितीदा दिली असेल याची मोजदाद नाही. वर्ग हसायचा, मीही हसायचो. त्या हसण्यातून मुलींना काय कळत होतं हा एक वेगळा लेख होईल. पण खरोखरच जिला मुलींमध्ये बसायचं होतं आणि जिचं नाव रजिस्टरात मुलग्यांच्या यादीत होतं, तिला त्या हसण्यातून काय कळलं असेल?

ज्याला दोनांपैकी एका रांगेत उभं राहणं सहज जमतं त्याला या रांगा दिसतही नाहीत. ज्याला जमत नाही त्याला त्या दिवसातून वीस वेळा टोचतात. मधल्या सुट्टीत तर जास्तच. मुलग्यांच्या मुतारीला आडोसा नसतो आणि तिथे मास्तरही नसतो. मग अशी मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डबा कोरडा खातात, पाचवी घंटा झाली की तास मोजतात, घरी पोचल्यावर आधी मोरी गाठतात. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेतात तेव्हा डॉक्टर पाणी भरपूर प्यायला सांगतात.

युनेस्कोने तमिळनाडूत अशा ३७१ तरुणांशी बोलून केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. माध्यमिक शाळेत असताना मारहाण, दमदाटी सोसल्याचं सुमारे ६० टक्के मुलांनी सांगितलं. शाळेकडे तक्रार केली होती ती फक्त १८ टक्के जणांनी. मला या दोनांतला दुसरा आकडा जास्त बोचतो. तक्रार ऐकायची ती मास्तरने, आणि मास्तर शेरे लिहिण्यात गुंतलेला.

इथपर्यंत मी 'बायल्या' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांबद्दलच बोललो, कारण आपल्याला तीच दिसतात. मुलगी म्हणून नोंद झालेलं पण स्वतःला मुलगा समजणारं लेकरू आपल्या नजरेतच येत नाही. त्याचं सुरुवातीला कौतुकच होतं. केस बारीक, सायकल दामटणारी, कबड्डीत पोरांना लोळवणारी. आई अभिमानाने सांगते, 'ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे.' हे वाक्य आपल्याकडे घरोघर बोललं जातं आणि त्याचा अर्थ कुणी शब्दशः घेत नाही. घेतं ते फक्त ते मूल. मग आठवी येते. गणवेश बदलतो, पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांना पिन लावलेली ओढणी. पाळी सुरू होते. केस वाढवायला सांगतात. कबड्डीला 'आता पुरे' म्हणतात. काल ज्याचं कौतुक होतं तेच आज खोड ठरतं, आणि का ते कुणी सांगत नाही. मुलग्यासारख्या मुलीला वठणीवर आणायचा आपल्या गावांमधला जुना उपाय म्हणजे लवकर लग्न. अशी मुलगी दहावीनंतर कॉलेजात दिसली नाही की लोक म्हणतात, बरं झालं, मार्गाला लागली. तिची नोंद ना बाललग्नांच्या चर्चेत होते, ना तृतीयपंथीयांच्या.

शब्दाचाही एक घोळ आहे. 'तृतीयपंथी' हा सरकारी कागदोपत्री रुळलेला शब्द. त्यात 'पंथ' आहे. गुरू, चेला, डेरा, नायक अशी जी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे तिचा वास त्या शब्दाला येतो. नववीतलं पोर कुठल्या पंथात गेलेलं नसतं. ते सहामाहीच्या अभ्यासात असतं. कोल्हापूर-सांगलीकडे अशा पोराला जट आली, अंगात आलं की देवाला सोडायचं, यल्लम्माच्या सौंदत्तीला न्यायचं, जोगत्या करायचा ही वाट घरच्यांना ठाऊक असते. तिकडे मुंबई-पुण्याकडे डेऱ्याची वाट असते. या वाटांवर भेटणारी माणसं पुष्कळदा घरच्यांपेक्षा जास्त माया लावतात, हे मी नाकारत नाही. पण त्या वाटा शाळेच्या फाटकाबाहेर सुरू होतात, आणि पोर एकदा त्या वाटेला लागलं की परत वर्गात येत नाही. 'पारलिंगी' हा शब्द अभ्यासकांचा. मुलं स्वतः 'ट्रान्स' म्हणतात, तेही मोबाइलमध्ये वाचून. घरात, गल्लीत, शाळेत त्यांना स्वतःसाठी शिव्यांखेरीज शब्दच मिळालेला नसतो.

कायद्याचं म्हणाल तर कायदे आहेत. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या पीठाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट आहे की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने या विद्यार्थ्यांना भेदभाव न करता शिकण्याची, खेळण्याची संधी द्यायची. 'खेळण्याची' हा शब्द कायद्यात आहे बरं का. पुढच्या नियमांत छळाच्या तक्रारींसाठी समिती ठेवायलाही सांगितलंय.

पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताला यातलं काय लागतं? ओळखपत्र हवं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि मूल अल्पवयीन असेल तर तो पालकांनी करायचा, असं या कायद्याने ठेवलं. म्हणजे ज्या वडिलांनी शेरा वाचून वळ उठवला त्यांनीच अर्जावर सही करायची. केंद्राच्या 'स्माइल' योजनेत नववीपासून वर्षाला १३,५०० रुपये शिष्यवृत्ती ठेवली, तीही ओळखपत्र असेल तर. घरातून हाकललेल्यांसाठी 'गरिमा गृह' निवारे उघडले, ते अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. त्याहून लहान मूल बाल कल्याण समितीपुढे उभं राहतं आणि तिथून मुलग्यांच्या नाहीतर मुलींच्या बालगृहात जातं. म्हणजे पुन्हा रांग आलीच. राज्यातल्या काही विद्यापीठांनी या विद्यार्थ्यांचं शुल्क माफ केलं, चांगलं केलं. पण आठवी-नववीत गळालेलं पोर विद्यापीठाच्या शुल्कमाफीचा लाभ घ्यायला येणार कुठून?

रजिस्टरचंही तसंच. माध्यमिक शाळा संहितेच्या नियम २६.४ प्रमाणे नाव किंवा इतर नोंद बदलायची तर ती मूल शाळेत असेतोवर. दाखला घेऊन बाहेर पडलं की उघड दिसणारी चूक सोडून बदल होत नाही. म्हणजे ज्या वयात मूल काही बोलूच शकत नाही त्या वयात नियमाची खिडकी उघडी, आणि ज्या वयात त्याला तोंड फुटतं तेव्हा ती बंद. मग ते पोर एकविसाव्या वर्षी जुना दाखला आणि नवं ओळखपत्र घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतं.

तीन गोष्टींवर नेहमी वाद होतो, त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली: 'या वयात काय कळतं? मोबाइल बघून डोक्यात घेतात.' माझं मत विचाराल तर काहींच्या बाबतीत हे खरंही असेल. पंधराव्या वर्षी जे वाटतं ते पंचविसाव्या वर्षी सगळ्यांनाच वाटत राहतं असं नाही. म्हणूनच तर मी म्हणतो की शाळेने मुलावर कुठलाही शिक्का मारायच्या फंदात पडू नये, 'तृतीयपंथी' असाही नाही आणि 'बिघडलेला' असाही नाही. शस्त्रक्रिया, औषधं या गोष्टी शाळेच्या अखत्यारीतल्या नाहीत. तिथे डॉक्टर, पालक आणि कायदा यांनी सावकाशीने पावलं टाकावीत असं कुणी म्हणालं तर माझी हरकत नाही. मात्र सावकाशीच्या नावाखाली पोराला भगताकडे नाहीतर 'सरळ करून देणाऱ्या' डॉक्टरकडे नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने पारलिंगी असणं ही गोष्ट मानसिक आजारांच्या यादीतून केव्हाच काढली, आणि अशी 'सुधारणा' करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय आपल्याच राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, २०२२ मध्ये. शाळेकडे मागणं आहे ते केसांचं, गणवेशाचं, रांगेचं, मुतारीचं. यातलं काहीही उद्या बदलता येतं. केस पुन्हा वाढतात आणि कापताही येतात.

दुसरी गोष्ट घराची. २०२१ च्या अखेरीस एन.सी.ई.आर.टी.ने शिक्षकांसाठी या विषयावरची एक प्रशिक्षण पुस्तिका संकेतस्थळावर टाकली होती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली आणि काही दिवसांतच पुस्तिका उतरवली गेली. त्या हरकतीतला एक मुद्दा असा होता की घरात एक आणि शाळेत दुसरं अशा परस्परविरोधी वातावरणाने मुलांच्या मनावर ताण येईल. हा मुद्दा मी बराच काळ मनात घोळवला, कारण तो वरवर पटतो. पण महाराष्ट्रातल्या मास्तरने तो मान्य करायचा तर स्वतःचा इतिहास पुसून टाकावा लागेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली तेव्हा त्या पोरांच्या घरी काय होतं? घरी शिवाशिव होती. सुट्टीत पोर घरी गेलं की त्याला वेगळं वागावं लागत होतं. ताण येत असणारच. कर्मवीरांनी तो ताण पत्करला. उलट, शाळेने घराशी एकमत केलं की काय होतं तेही साताऱ्यानेच दाखवलंय. भीमराव नावाचा मुलगा तिथे गोणपाटावर वेगळा बसला, नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती, शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हाच पाणी. त्या मुलाने शाळेत पाऊल टाकलं तो ७ नोव्हेंबर हा दिवस आपण राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. जातीचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहेत असं मी म्हणत नाही. इथे घर आणि मूल यांच्यातच दरी असते, तिथे घर मुलाच्या बाजूने उभं होतं. त्यामुळे इथे तर शाळेवर भार जास्तच येतो.

मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा उरतो. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर पालक शाळेच्या स्वच्छतागृहाचं नाव काढलं तरी धास्तावतात, त्यात त्यांची चूक नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात कुणालाही जाऊ द्या असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायची गरजही पडत नाही. आतून कडी लागणारं, एका वेळी एकानेच वापरायचं एक स्वच्छतागृह सगळ्यांसाठी खुलं असलं की प्रश्न तिथेच मिटतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या निकालात शाळांसाठी जे सुचवलं त्यात अशी स्वच्छतागृहं होती आणि पालक-शिक्षक संघातून पालकांशी बोलणंही होतं. अर्जात तिसरा रकाना ठेवायचंही होतं. त्या रकान्याला माझा विरोध नाही, पण शाळेच्या पातळीवर मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही. रकाना आला की तो भरायची घाई येते. कुठल्याशा बैठकीत 'तुमच्याकडे किती?' असं विचारलं जातं आणि शून्य लिहायला नको म्हणून कुणीतरी एखाद्या पोराकडे बोट दाखवतं. ज्या सोयीसाठी मुलाला आधी स्वतःचं गुपित फोडावं लागतं ती सोय ते मूल घेत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की मुलाने काहीही न सांगता शाळा सुसह्य व्हावी. रांग उंचीप्रमाणे लावा. हजेरी आडनावाच्या अक्षराप्रमाणे घ्या. संगणकाला ते कळतं, मास्तरलाही कळेल. केसांचा नियम करायचाच तर सगळ्यांना एक करा. पँट, स्कर्ट, पंजाबी ड्रेस हे गणवेश आहेतच, त्यांतला कुणी कुठला घालावा यावर शाळेने बोलू नये. केरळात कोझिकोडजवळच्या बालुसेरीच्या मुलींच्या शाळेत २०२१ मध्ये सगळ्यांना शर्ट-पँट केली तेव्हा केवढा गदारोळ झाला; मला तर तेही अर्धवट वाटतं, कारण मुलीने पँट घातली की प्रगती आणि मुलग्याने ओढणी घेतली की तमाशा हा हिशेब त्यात तसाच राहतो. हाक मारायच्या नावाचंही मोठं प्रकरण करायचं कारण नाही. रजिस्टरात 'ज्ञानेश्वर' असलेल्याला आपण वर्षभर 'माउली' म्हणतो आणि 'बाळासाहेब' असलेल्याला 'बाळ्या'. एखाद्याने दुसऱ्याच नावाने हाक मारा म्हटलं तर रजिस्टर जागच्या जागी राहतं.

आणि घरी कळवू नका. वर्गशिक्षकाला काही जाणवलं, कुणी काही बोललं, तर ते पोराच्या परवानगीशिवाय घरी पोचता कामा नये. हे मास्तरांना सर्वांत जड जातं, कारण पालकांना बोलावून घेणं हा आपला पहिला उपाय असतो. बी.एड.ला 'लिंगभाव, शाळा आणि समाज' असा पेपर असतो. तो गाइडवरून सुटतो. त्यात हे कुणी शिकवत नाही. शाळांमध्ये २०२२ च्या शासन निर्णयाने मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आलेली आहे, बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दाराबाहेरच्या फलकावर. त्याच समितीने वर्षातून एकदा शिक्षकांना दोन तास बसवून एवढं एकच सांगावं.

मास्तरांवर सगळा भार टाकतोय, तर मास्तरांची बाजूही सांगतो. एका पारलिंगी शिक्षिकेला एका खाजगी शाळेने काही दिवसांत घालवलं, दुसरीने नेमणूक देऊन परत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ ऑक्टोबर २०२५ ला न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली आणि २०१९ च्या कायद्याची अंमलबजावणी कशी कागदावरच राहिलीय यावर सरकारांना खडे बोल सुनावले. पदवी, अनुभव, वकील हे सगळं असलेल्या प्रौढ बाईला शाळेत टिकायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. खुर्चीत बसणाऱ्याची ही गत, तर बेंचवर बसणाऱ्याने कुणाच्या भरवशावर बोलायचं?

निवृत्तीनंतर मी शिष्यवृत्तीच्या मुलांना शिकवायला आसपासच्या शाळांमध्ये जातो. गेल्या वर्षी एका शाळेत रॅम्पच्या शेजारी बंद दार दिसलं, वर चाकाच्या खुर्चीचं चित्र. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचं स्वच्छतागृह. असं एक हल्ली बहुतेक शाळांत असतं, निधी येतो म्हणून. त्या शाळेत दिव्यांग विद्यार्थी त्या वर्षी नव्हता. 'मामा, चावी कुणाकडे?' विचारलं. शिपाईमामा मुख्याध्यापकांच्या कपाटातून जुडगा घेऊन आले, चौथी चावी लागली. आत मोडक्या स्टंपांचा ढीग, जुन्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे, निवडणुकीतल्या मतदान कक्षाचे पुठ्ठे, चुन्याची अर्धी गोणी. कमोडवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. नळ फिरवून बघितला, आधी खोकला आणि मग पाणी आलं. दाराला आतून कडी होती, लागत होती.

दोन पोरं मदतीला घेऊन अर्ध्या तासात सगळं सामान स्टोअरमध्ये हलवलं. मामांनी फरशी धुतली. कुलूप हातात धरून ते मुख्याध्यापकांकडे गेले. 'साहेब, हे आता काढूनच ठेवू का?'

'तूर्त लाव,' मुख्याध्यापक म्हणाले, 'वरून तसं काही पत्र आलेलं नाही.'